बिलात नसलेली ओळ: अमेरिकेला निघालेल्या नर्सिंगच्या मुलामुलींना खुले पत्र

नर्सिंगच्या मुलींनो आणि मुलांनो,

तुमचे मेसेज येत असतात. कुणी मिरजेहून लिहितं, कुणी नांदेडहून, कुणी आखातात दोन-तीन वर्षं काढून आता पुढची वाट शोधत असतं. प्रश्न ठरलेले: ताई, परीक्षा किती अवघड? पगार किती? एका सिस्टरकडे पेशंट किती? गेल्या महिन्यात एकीने तर एजन्सीच्या कराराचे फोटोच पाठवले आणि विचारलं, सही करू का? प्रत्येकीला वेगळं उत्तर देता देता लक्षात आलं की मी सगळ्यांना अर्धंच सांगतेय. इथे अमेरिकेतल्या हॉस्पिटलात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून.

सुरुवात माझ्याच बिलापासून करते. काही वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं, दोन रात्री अ‍ॅडमिट होते. घरी आल्यावर तपशीलवार बिल मागवलं. (ते मागावं लागतं. आपोआप येतो तो नुसता एकूण आकडा.) त्यात सलाईनच्या पिशव्या होत्या, उलटीवरची गोळी होती, थिएटरचे पैसे होते, रिकव्हरी रूमचे वेगळे होते. भूल देणाऱ्यांचं आणि सर्जनचं बिल तर स्वतंत्र पाकिटातून आलं. पहिल्या रात्री तीन वाजता मला उठवून, नळ्या सांभाळत बाथरूमपर्यंत चालवत नेणारी, परत आल्यावर पोटावर हात ठेवून ‘हे मला बरं दिसत नाही’ म्हणत डॉक्टरांना फोन करणारी सिस्टर मात्र कुठेच सापडेना. कागद पुन्हा वरपासून वाचला. ती ‘खोली’ या ओळीत होती. पलंग, चादर, वीज, जेवण आणि ती.

इतकी वर्षं हेच काम करून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपलं नाव नसलेला कागद हातात घेऊन बसणं वेगळं. डॉक्टर इथे आपल्या कामाचं बिल लावतो, म्हणून हॉस्पिटलच्या हिशेबात तो जमेच्या बाजूला असतो. नर्स खोलीभाड्यात मुरलेली, म्हणून ती खर्चाच्या बाजूला. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागते हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

हे पूर्वीपासून असंच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी इथली पास झालेली नर्स बहुतेक खाजगी ड्यूटी करायची. कुटुंब तिला ठेवायचं, पैसे तिच्या हातात द्यायचं. हॉस्पिटलचे वॉर्ड चालायचे ते शिकाऊ मुलींच्या जिवावर, जे तुम्हाला नवीन वाटायचं कारण नाही. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलियन वाल्ड या नर्सच्या सांगण्यावरून आपल्या विमेदारांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली आणि पुढची चार दशकं नर्सच्या भेटींचे पैसे मोजले. म्हणजे नर्सच्या कामाची किंमत लावता येत नाही, हे खरं नव्हे. लावली जात होती. मग १९२९ नंतरची मंदी आली. कुटुंबांना खाजगी नर्स परवडेना, त्या बायका हॉस्पिटलच्या नोकरीत आल्या आणि त्यांची मजुरी खोलीभाड्यात मिसळून गेली. त्याच १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर हॉस्पिटलने शाळेतल्या शिक्षकांसाठी योजना काढली: महिना ५० सेंट भरा, २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलात राहा. ब्लू क्रॉसचा विमा वाढला तो याच रोपट्यातून. पहिल्यापासून विकलं गेलं ते हॉस्पिटलातले ‘दिवस’.

पुढचा घोळ दुसऱ्या महायुद्धाने घातला. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीला लगाम घातला, पण विम्यासारख्या सवलती पगारात धरल्या नाहीत. कारखान्यांना माणसं हवी होती, पगार वाढवता येत नव्हता, म्हणून त्यांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. तेव्हापासून इथे विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की नेमकं ज्या महिन्यात पैसे नाहीत त्याच महिन्यात विमाही जातो.

आता माझ्या एका शिफ्टमध्ये या. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पाच पेशंट. पहिल्या खोलीत सत्तरीच्या आजी. त्यांचं मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांचा केंद्र सरकारचा विमा. दुसऱ्या खोलीत गोदामातला सुपरवायझर, त्याचा विमा कंपनीकडून. तिसरीत दोन लेकरांची तरुण आई, तिचं मेडिकेड. ते केंद्र आणि राज्य मिळून गरिबांसाठी चालवतात आणि राज्य बदललं की त्याचे नियमही बदलतात; २०१० च्या ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यानंतर बहुतेक राज्यांनी ते वाढवलं, टेक्सस आणि फ्लोरिडासारख्यांनी नाही. चौथ्याकडे काहीच नाही. २०२३ मध्ये असे सुमारे २ कोटी ६० लाख लोक या देशात होते. तो इमर्जन्सीच्या दारातून आला, कारण १९८६ चा कायदा सांगतो की इमर्जन्सीत आलेल्याला पैसे न विचारता तपासायचं आणि स्थिर करायचं. ‘आधी डिपॉझिट भरा’ हे इथे त्या दारात म्हणता येत नाही. बिल मात्र मागाहून घरी येतंच. पाचव्या खोलीतल्या आजोबांनाही मेडिकेअरच आहे, पण खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं. त्यांना इथून पुनर्वसन केंद्रात हलवायचं तर आधी त्या कंपनीची मंजुरी लागते आणि मंजुरी देणारा माणूस शुक्रवारी दुपारनंतर फोन उचलत नाही.

मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्हींवर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी एकदमच सही केली. नावं इतकी सारखी की इथल्या जन्मलेल्यांचाही गोंधळ होतो, तुमचा झाला तर लाजू नका. निवृत्त सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं आणखी वेगळी, आदिवासी जमातींसाठीची सेवा त्याहून वेगळी. २०२३ मध्ये सरकारी-खाजगी सगळं मिळून आरोग्यावर देशाचे ४.९ लाख कोटी डॉलर गेले. सकल उत्पादनाच्या १७.६ टक्के, माणशी साधारण साडेचौदा हजार डॉलर. एवढ्या पैशात चौथ्या खोलीतला माणूस सुटतो कसा, हे मला आजवर कुणी नीट समजावलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, सिस्टरला याच्याशी काय करायचंय? डॉक्टर राउंडला येऊन सहा-सात मिनिटांत जातो. बिलिंगवाले दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या गावात. बारा तास खोलीत येणारं-जाणारं माणूस एकच असतं, आणि पेशंट त्यालाच विचारतो: ही गोळी घरी कितीला पडेल? मी अजून एक दिवस राहू शकत नाही का?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी मेडिकेअरने किती दिवस राहिलात यावर पैसे देणं थांबवलं आणि आजाराच्या गटाप्रमाणे ठोक रक्कम ठरवली. न्यूमोनियाला इतके, खुब्याच्या ऑपरेशनला इतके. पेशंट लवकर गेला तर उरलेले पैसे हॉस्पिटलचे, रेंगाळला तर तोटा हॉस्पिटलचा. तेव्हापासून डिस्चार्जची तयारी अ‍ॅडमिशनच्याच दिवशी सुरू होते. ही तयारी बघणारी केस मॅनेजर नावाची एक व्यक्ती प्रत्येक वॉर्डात भेटेल. बऱ्याचदा ती आपल्यासारखीच नर्स असते, फक्त तिच्या हातात इंजेक्शनऐवजी फोन असतो. तिच्याशी पहिल्या आठवड्यात मैत्री करा. वॉर्डातलं निम्मं शहाणपण तिच्याकडे असतं.

एक प्रसंग सांगते. ऐंशीच्या जवळ आलेले एक शेतकरी, अंगणात चक्कर येऊन पडले. तीन रात्री आमच्याकडे होते. पाय लटपटत होते, घरी एकटे, म्हणून काही आठवडे पुनर्वसन केंद्रात पाठवायचं ठरलं. मेडिकेअर त्या केंद्राचे पहिले वीस दिवस पूर्ण देतं. पण त्याआधी सलग तीन दिवस हॉस्पिटलात अ‍ॅडमिट असायला हवं. तीन रात्री झाल्याच होत्या. पण त्यातल्या पहिल्या दोन ‘ऑब्झर्व्हेशन’ होत्या. म्हणजे पलंग तोच, सलाईन तेच, मनगटाला पट्टी तीच, दर चार तासांनी बीपी घेणारी मी तीच. कागदोपत्री मात्र ते बाह्यरुग्ण, दवाखान्यात दाखवायला आल्यासारखे. मोजला गेला तो एकच दिवस. तसं कळवणारा छापील फॉर्म २०१७ पासून द्यावाच लागतो, त्यावर त्यांची थरथरती सहीसुद्धा होती. त्यांच्या मुलीने माझ्याकडे बघत विचारलं, ‘मग पहिले दोन दिवस माझे वडील होते कुठे?’

मी काय सांगणार? मान खाली घालून फॉर्ममधलं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. ती रडली नाही, तिने कॅल्क्युलेटर काढला. तुम्हालाही असा प्रसंग येणार आहे, म्हणून ‘ऑब्झर्व्हेशन’ हा शब्द परीक्षेच्या पुस्तकात नसला तरी पाठ करून या. पेशंट पहिल्याच दिवशी विचारू शकतो, मी नक्की अ‍ॅडमिट आहे का? हे विचारायला सांगणं हे नर्सिंगच आहे, असं माझं मत. आणखी एक. धर्मादाय म्हणून करमाफी घेणाऱ्या हॉस्पिटलांना बिलमाफीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि इथली बरीच हॉस्पिटलं त्या प्रकारची आहेत. चौथ्या खोलीतल्या माणसाला तो अर्ज मागायला सांगा. पुष्कळांना असं काही असतं हेच माहीत नसतं.

बिलात नसलेली नर्स हिशेबात कधी उमटते, ते आता ऐका. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने ठरवलं की हॉस्पिटलात असताना पेशंटला खोल बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला, पडून इजा झाली किंवा कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीच्या नळीमुळे, मूत्रमार्गात संसर्ग झाला, तर त्याचे जादा पैसे मिळणार नाहीत. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, बाथरूमला नेताना हात धरून चालणं, गरज संपली की कॅथेटर काढायला डॉक्टरच्या मागे लागणं: हे कुणाचं काम? तुमचं. म्हणजे ते वेळेवर झालं तर त्याची ओळ कुठेही नाही, राहिलं तर लगेच आकडा. म्हणून इथे प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवर टिपावी लागते. पेशंटला कुशीवर वळवायला दोन मिनिटं आणि ‘वळवलं’ हे चार खिडक्यांत भरायला पाच. आपल्याकडे केसपेपरवर नोट्स लिहायचा कंटाळा येत असेल, तर इथे मन घट्ट करून या.

कामही इथे वेगळं वाटेल. आपल्या वॉर्डात पेशंटजवळ नातेवाईक बसलेला असतो. चिठ्ठी दिली की मेडिकलमधून औषध तो आणतो, भरवतो तो, सलाईन संपत आलं की हाक मारतो तो. इथे तो नसतो, आणि असला तरी पाहुण्यासारखा. आंघोळ, लघवी, उलटी, भरवणं हे सगळं तुम्ही आणि सीएनए मिळून. सीएनए म्हणजे आपल्या मावशी आणि मामा, फक्त प्रमाणपत्र घेतलेले. त्या दिवशी सीएनए आला नाही तर सगळं एकट्या तुमच्यावर. पहिल्या महिन्यात ‘मी हे करायला शिकले का’ असं मनात येतं. मग एखाद्याची पाठ पुसताना तिथे उमटलेला लाल डाग दिसतो, जो दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडला नसता.

‘किती पेशंट’ या प्रश्नाचं उत्तर: कुठल्या राज्यात आहात त्यावर. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००४ पासून लागू केला. आज तिथे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचाहून जास्त नाहीत, आयसीयूत दोन, इमर्जन्सीत चार. ओरेगॉनने २०२३ मध्ये तसा कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ साली हाच प्रश्न लोकांच्या मतदानाला टाकला आणि तो मोठ्या फरकाने पडला. बाकी बहुतेक ठिकाणी आकडा ठरतो तो व्यवस्थापनाच्या तक्त्यावर, म्हणजे पुन्हा त्या खर्चाच्या बाजूला. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्यांचा तीस दिवसांतला मृत्यूचा धोका सात टक्क्यांनी वाढतो, असं त्यात निघालं. सहावा, सातवा पेशंट घेताना मला तो आकडा आठवतो. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे सात हजार नर्सेस तीन दिवस संपावर गेल्या, तेव्हाही मुख्य भांडण माणसांच्या संख्येचंच होतं. तुमच्यापैकी काहींना संप म्हटलं की भीती वाटते, व्हिसाची तर जास्तच. कुठे युनियन आहे आणि कुठे नाही, हे मुलाखतीतच विचारून घ्या. टेक्ससला गेलात तर ‘सेफ हार्बर’ हे दोन शब्द लक्षात ठेवा: दिलेली ड्यूटी पेशंटसाठी धोक्याची वाटली तर ते लेखी नोंदवायचा तिथल्या नर्सला कायद्याने हक्क आहे.

वर चढायची वाट इथे आहे, आणि ती मला मनापासून आवडते. कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत ही नर्स डॉक्टरच्या देखरेखीशिवाय तपासते, निदान करते, औषध लिहून देते. खेड्यातल्या कित्येक हॉस्पिटलांत भूल देणारी व्यक्ती नर्सच असते. पण बिलाचं भूत तिथेही पाठ सोडत नाही. नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या नावाने बिल लावलं तर मेडिकेअर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. काही अटी पाळून तेच काम डॉक्टरच्या नावावर लावलं, तर पूर्ण शंभर. नाव पुसायचे पंधरा टक्के मिळतात, असं माझी एक मैत्रीण म्हणते. ती अर्थातच स्वतःच्या नावाने लावते आणि व्यवस्थापक दर तिमाहीला तिच्याकडे बघून सुस्कारा टाकतो.

आता तुमचे व्यवहाराचे प्रश्न पटापट. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांनाही इथे आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होता येतं, पण ज्या राज्यात अर्ज कराल ते तुमचे विषय आणि तास मोजतं, म्हणून कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच काढून ठेवा. नंतर कारकून बदलतो, रजिस्टर सापडत नाही. एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा कॉम्प्युटरवर, तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न बदलणारी, कमीत कमी ८५ प्रश्नांची. पाठांतरावर जाल तर आपटाल. ती पास होणं सोपं, व्हिसा अवघड. नर्सेसना लागणाऱ्या ग्रीन कार्डाच्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तुम्ही रियाधला नोकरी करत असलात तरी रांग जन्मदेशाचीच. जो एजंट ‘दोन वर्षांत पोचवतो’ म्हणेल, त्याला हे विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

पगार: २०२३ मध्ये इथल्या नर्सचा मध्यम पगार वर्षाला ८६,०७० डॉलर होता. कृपा करून त्याला लगेच रुपयांनी गुणू नका. कर जातो, भाडं जातं आणि विमा जातो. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ नोकरदाराच्या खिशातून. शिवाय विमा चालू व्हायच्या आधी दरवर्षी ठरावीक रक्कम आपणच भरायची. हॉस्पिटलात काम करणारी बाई हॉस्पिटलात जायला कचरते, हे मी रोज बघते. आईवडिलांना फिरायला बोलवाल तेव्हा पाहुण्यांच्या विम्याचे बारीक अक्षरांतले नियम वाचा. आधीपासूनचा रक्तदाब आणि साखर त्यात बहुतेक वेळा बसत नाही.

आणि ज्या मुलीने कराराचे फोटो पाठवले, तिला: पान नऊवर ‘मुदतीआधी सोडल्यास’ असं कलम आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात फिलिपिनो नर्सेसनी दावा जिंकला, त्यात नोकरी सोडल्यास २५,००० डॉलरपर्यंत भरा अशी अट होती आणि न्यायाधीशांनी ती चालू दिली नाही. तुझ्या कलमात आकडा किती आहे, तो वर्षागणिक कमी होतो की नाही आणि कोणत्या राज्याचा कायदा लागू असं लिहिलंय, हे मला वाचायचंय. तुझा नवव्या पानाचा फोटो हललाय. उजेडात धरून परत काढ आणि पाठव. तोवर सही करू नकोस. माझी उद्या-परवा ड्यूटी आहे, रात्री आठनंतर बघते.

तुमची,
सांगलीकडची एक ताई